रोपवाटिकेतील आयुष्य : अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलपटूची कारकीर्द

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची रचना दोन थरांची आहे. वरच्या थरात मेजर लीग या नावाने ओळखले जाणारे ३० संघ असून, ज्या खेळाडूंची नावे जगभर माहीत होतात ते सारे याच थरातले असतात. खालच्या थरात मायनर लीग, म्हणजे लहानमोठ्या शहरांतील संघांच्या अनेक साखळी स्पर्धा येतात. त्यांत खेळणारेही करारबद्ध आणि पगारी असतात, मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांची कारकीर्द वरच्या थराला स्पर्श न करताच संपते. ढोबळ मानाने करारावर सही करणाऱ्या दहांपैकी एकच जण कधी ना कधी मेजर लीगच्या मैदानात उतरतो. उरलेल्या नऊ जणांना या खेळाच्या इतिहासात तळटीपेइतकी जागा मिळते, आणि हे अन्यायाचे आहे. कारण हा धंदा उभा राहिला, तगला आणि पसरला तो त्यांच्या कष्टांवर. मायनर लीगमधला खेळाडू एके काळी आपल्या गावच्या संघाचा नोकर होता आणि त्या गावातच मानाने पोट भरू शकत होता. पुढे तो दूरच्या मालकाच्या ताब्यातला कच्चा माल कसा झाला, आणि आपल्या मजुरीवरचा हक्क मागायला त्याला जवळजवळ शतकभर का थांबावे लागले, हा या कारकिर्दीच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

मायनर लीगची संघटित घडण ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाली. त्या वर्षी अमेरिकन लीगने स्वतःला मेजर म्हणून जाहीर केले, जुन्या नॅशनल लीगशी तिची खेळाडूंच्या पळवापळवीची लढाई जुंपली, आणि नॅशनल लीगने लहान संघांच्या करारांना संरक्षण देणारा पूर्वीचा सामंजस्याचा करार झुगारून दिला. दोन हत्तींच्या झुंजीत आपण चिरडले जाऊ, या भीतीने लहान लीगांचे प्रमुख लेलँड हॉटेलात जमले आणि त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पॅट्रिक पॉवर्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. शहरांच्या लोकसंख्येनुसार लीगांची ए, बी, सी आणि डी अशी वर्गवारी ठरली आणि प्रत्येक वर्गासाठी वेतनाची कमाल मर्यादा घालण्यात आली. खालच्या वर्गातला खेळाडू वरच्या वर्गातल्या संघाला हवा असल्यास ठरावीक मोबदला देऊन तो घेण्याची रीतही नियमबद्ध झाली. मालकांना एकमेकांपासून संरक्षण मिळाले, पण खेळाडूला मालकापासून मिळाले नाही. नॅशनल लीगच्या मालकांनी १८७९ मध्ये ‘राखीव कलम’ नावाची युक्ती काढली होती : कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे, आणि दुसऱ्या कोणत्याही संघाशी बोलणी करण्याची त्याला मुभा नसे. हे कलम पुढे साऱ्या संघटित बेसबॉलमध्ये रूढ झाले. खेळाडूसमोर दोनच वाटा उरल्या : मालक देईल त्या पैशांत खेळणे किंवा खेळ सोडून घरी बसणे.

असे असूनही, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मायनर लीगमधील जगणे आजच्यासारखे केवळ वाट पाहण्याचे नव्हते. संघ स्वतंत्र होते, त्यांचे मालक बहुधा गावातलेच असत, आणि चांगला खेळाडू राखून गर्दी जमवणे हा त्यांच्या कमाईचा मार्ग होता. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९०३ मध्ये सुरू झालेली पॅसिफिक कोस्ट लीग. पश्चिम किनाऱ्यापर्यंत आगगाडीचे दोन-दोन, तीन-तीन दिवस खर्चून जाणे मेजर लीगच्या संघांना परवडत नव्हते, त्यामुळे कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या प्रेक्षकांसाठी हीच लीग सर्वोच्च होती. हवामान सौम्य असल्याने तेथील हंगाम कधी कधी दोनशेहून अधिक सामन्यांचा होई, आणि हंगाम लांबला की खेळाडूच्या हाती पगारही अधिक महिने पडे. पाहुणा संघ मंगळवारपासून रविवारपर्यंत एकाच शहरात मुक्काम करी आणि सोमवारी प्रवास करी, म्हणून दगदगही कमी असे.

ओकलंड संघाचा बझ आर्लेट हा या व्यवस्थेतला खेळाडू. १९१८ मध्ये तो पिचर म्हणून, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू म्हणून, संघात आला. हात दुखावल्यावर तो फलंदाजीकडे वळला आणि १९३० पर्यंत त्याच शहरात राहिला. १९३१ चा एकच हंगाम तो मेजर लीगमध्ये, फिलाडेल्फियाकडून खेळला, त्यात त्याची फलंदाजीची सरासरी .३१३ होती आणि त्याने १८ होम रन (थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले. तरीही पुढच्या वर्षी तो बाल्टिमोरच्या मायनर संघात होता आणि तेथे एकाच हंगामात दोन वेळा त्याने एका सामन्यात चार-चार होम रन मारले. मायनर लीगमध्ये त्याचे एकूण ४३२ होम रन झाले. ओकलंडच्या प्रेक्षकांना त्याच्या नावापुढे ‘मायनर’ हे विशेषण लावावेसे वाटले नसते. जो डिमॅजिओने १९३३ मध्ये सलग ६१ सामन्यांत किमान एक फटका यशस्वी करण्याचा विक्रम केला तोही याच लीगमध्ये, सॅन फ्रान्सिस्को सील्स संघाकडून.

ही स्वायत्तता मोडली ती ब्रँच रिकी यांनी. ते ज्याचा कारभार पाहत तो मेजर लीगमधला सेंट लुइस कार्डिनल्स संघ गरीब होता. मायनर लीगमधला होतकरू खेळाडू हेरावा, त्याची किंमत विचारावी, आणि तेवढ्यात न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत संघाने दुप्पट पैसे मोजून तो उचलावा, असे वारंवार घडे. त्यावर रिकी यांनी काढलेला उपाय साधा आणि दूरगामी होता : खेळाडू विकत घेण्यापेक्षा ते जेथे तयार होतात ते संघच विकत घ्यायचे. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिरॅक्यूज अशा संघांत त्यांनी भाग घेतले, आणि या पद्धतीला ‘फार्म सिस्टीम’ हे नाव पडले. तिला मराठीत रोपवाटिका म्हणणे अधिक नेमके ठरेल, कारण येथे दाट पेरणी करायची, बरीचशी रोपे उपटून टाकायची आणि मोजकी तेवढी वरच्या वाफ्यात लावायची, असाच क्रम असतो. संख्येतूनच गुण निपजतो अशी रिकी यांची धारणा होती. कार्डिनल्सने १९२६ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे अजिंक्यपद, जिंकल्यावर इतर संघांनीही हाच कित्ता गिरवला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून अधिक संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते.

खेळाडूच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा की, त्याचे भवितव्य तो ज्या गावात खेळतो तेथे ठरेनासे झाले. वरच्या संघात त्याच्या जागी आधीच चार जण असले तर तो कितीही चांगला खेळला तरी वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडे, आणि दुसऱ्या संघात जागा रिकामी असली तरी राखीव कलमामुळे तेथे जाऊ शकत नसे. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना ही पद्धत मुळीच रुचली नव्हती. कार्डिनल्सने एकाच लीगमधील अनेक संघांवर गुप्तपणे ताबा ठेवल्याचे आढळल्यावर १९३८ मध्ये त्यांनी त्या संघाच्या ७४ मायनर खेळाडूंना बंधमुक्त केले. पण लँडिस यांचा आक्षेप स्पर्धेच्या निकोपपणाविषयी होता, खेळाडूच्या स्वातंत्र्याचे तत्त्व त्यात नव्हते. त्यामुळे चौऱ्याहत्तर माणसे सुटली आणि पद्धत तशीच राहिली.

कृष्णवर्णीय खेळाडूंना तर या शिडीची खालची पायरीही बंद होती, आणि ती मायनर लीगनेच बंद केली होती. १८८७ च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी करार करायचे नाहीत असे ठरवले. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८९ मध्ये सिरॅक्यूजकडून खेळला, आणि त्यानंतर त्या लीगमध्ये ५७ वर्षे एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. ही बंदी मोडली गेली तीही त्याच लीगमध्ये. १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीच्या मैदानात, माँट्रियल रॉयल्स या ब्रुकलिन डॉजर्सच्या मायनर संघाकडून जॅकी रॉबिन्सन उतरला, त्याने चार यशस्वी फटके मारले, त्यांपैकी एक होम रन होता, आणि वर्षअखेर .३४९ सरासरीने तो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. त्याला आणणारे रिकीच होते. एकाच माणसाने खेळाडूंच्या एका गटाचे दार उघडावे आणि साऱ्यांच्या पायांत साखळी घालावी, हा या इतिहासातला अवघड गुंता आहे. रॉबिन्सननंतरच्या पिढीलाही दक्षिणेकडील छोट्या गावांत सहकाऱ्यांपासून वेगळे जेवावे आणि वेगळे राहावे लागे. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने पुढे सांगितलेली एक आठवण अशी की, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्याने इतरांच्या ढिगात टाकलेला आपला घामट गणवेश संघाच्या नोकराने लांब काठीने उचलून बाजूला काढला आणि कृष्णवर्णीयांच्या धोब्याकडे पाठवला; तो परत येईपर्यंत फ्लड उघडा बसून राहिला. या फ्लडचे नाव पुढे न्यायालयाच्या इतिहासात पुन्हा येते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची चार-पाच वर्षे हा मायनर लीगचा बहराचा काळ. १९४९ मध्ये ५९ लीग चालू होत्या आणि वर्षभरातील प्रेक्षकसंख्या सुमारे चार कोटींवर गेली होती. ज्या गावात धड चित्रपटगृह नाही तेथेही विजेच्या दिव्यांखाली रात्रीचे सामने होत. या काळाचा स्वभाव जो बॉमनच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. ओक्लाहोमात वाढलेल्या या धिप्पाड फलंदाजाने मायनर लीगचा अपुरा पगार नाकारून काही वर्षे एल्क सिटी येथील अर्धव्यावसायिक संघाकडून खेळणे पत्करले, कारण तेथे पैसे अधिक मिळत. पुढे तो न्यू मेक्सिकोतील रॉसवेल रॉकेट्स या सी वर्गातल्या संघात आला आणि त्या गावात त्याने पेट्रोल पंप चालवला. १९५४ च्या हंगामात १३८ सामन्यांत त्याने ७२ होम रन मारले, सरासरी .४०० ठेवली आणि संघासाठी २२४ धावा आणल्या. व्यावसायिक बेसबॉलमधील एका हंगामाचा हा विक्रम २००१ पर्यंत अबाधित होता.

त्या मैदानांत एक प्रथा होती, आणि खेळाडूचे गावाशी असलेले नाते समजण्यासाठी ती जवळून पाहण्यासारखी आहे. फलंदाजाच्या मागे प्रेक्षकांच्या संरक्षणासाठी तारेची जाळी असे. होम रन मारून फलंदाज फेरी पूर्ण करून परतला की प्रेक्षक एक-एक डॉलरच्या, कधी त्याहून मोठ्या नोटा घडी करून त्या जाळीच्या भोकांतून पुढे सरकवत, आणि फलंदाज जाळीच्या कडेने चालत त्या एकेक ओढून घेई. तेलाच्या विहिरींवरचे कामगार, पशुपालक, दुकानदार यांच्या खिशातून थेट खेळाडूच्या मुठीत येणारा हा पैसा त्याच्या पगाराला मोठा टेकू देई. दूरच्या मालकाच्या हिशेबात याची नोंद नव्हती. बॉमन मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, आणि आज मायनर लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारणाऱ्याला दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार त्याच्याच नावाचा आहे.

ही जाळी आणि तिच्यामागची माणसे फार काळ टिकली नाहीत. घरोघरी दूरचित्रवाणी संच आले, मेजर लीगचे सामने दूरवर दिसू लागले, मोटारींमुळे करमणुकीची इतर ठिकाणे जवळ आली, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी मैदानावर जाण्याची सवय वातानुकूलित घरांनी सोडवली. १९५८ मध्ये डॉजर्स आणि जायंट्स हे न्यूयॉर्कचे दोन संघ कॅलिफोर्नियात हलल्यावर पॅसिफिक कोस्ट लीगचे वेगळेपणही संपले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या आसपास घसरली, आणि १९६३ मध्ये मेजर लीगच्या संघांनी खर्चाचा भार उचलून बी, सी, डी हे वर्ग मोडीत काढले. ट्रिपल ए, डबल ए, ए आणि नवोदितांचा रूकी वर्ग अशी उतरंड उरली. गावचा संघ यापुढे आपल्या मैदानाची तिकिटे आणि खाद्यपदार्थ विकणार होता, पण खेळाडू कोण असेल, तो किती दिवस राहील आणि कोणत्या जागी खेळेल हे वरचा संघ ठरवणार होता.

१९६५ पासून शाळा-महाविद्यालयांतले खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडण्याची ‘ड्राफ्ट’ पद्धत सुरू झाली, आणि आजच्या कारकिर्दीचा साचा पक्का झाला. पहिल्या फेरीत निवडलेल्याला लाखो डॉलरची बक्षिसी मिळते, शेवटच्या फेऱ्यांतल्याला कित्येकदा काही हजारांची. आणि ज्याच्यात मोठा पैसा गुंतला आहे त्याला खेळण्याच्या संधी अधिक काळ मिळत राहतात, हे उघड गणित आहे. अपवाद घडतात : १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत निवडला गेलेला माइक पियाझा पुढे खेळाच्या सन्मानदालनात पोहोचला. पण नियम असा की, हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्यातून सहा-सात सामने, रात्रभराचा बसप्रवास, आणि एखाद्या सकाळी व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावणे. ते बोलावणे बढतीचे असेल, बदलीचे असेल किंवा करारमुक्तीचे. तिन्हींना सामान बांधायला सारखाच वेळ मिळतो.

या कारकिर्दीची सारी जिद्द एका रात्रीत साठलेली दिसते. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथे स्थानिक संघ आणि रोचेस्टर यांच्यात ट्रिपल ए वर्गाचा सामना सुरू झाला. बेसबॉलमध्ये नऊ डावांअखेर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात, आणि पंचांकडे असलेल्या नियमपत्रात त्या वर्षी रात्री खेळ थांबवण्याचे कलम नेमके गळाले होते. बोचरा वारा सुटला होता. खेळाडूंनी मोडक्या बॅटी आणि लाकडाचे तुकडे पिंपात पेटवून हात शेकले. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डावांनंतर, खेळ थांबवण्याचा आदेश आला तेव्हा सुरुवातीच्या १७४० प्रेक्षकांपैकी १९ उरले होते आणि ईस्टरचा रविवार उजाडत होता. २३ जूनला सामना पुन्हा सुरू झाला आणि १८ मिनिटांत संपला. डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट ३-२ ने जिंकले. त्या रात्री मैदानात असलेले कॅल रिपकेन आणि वेड बॉग्ज पुढे सन्मानदालनात गेले. विजयी फटका मारणारा कोझा मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. ज्यांनी बत्तीस डाव कुडकुडत खेळून काढले त्या सर्वांना त्या रात्रीचा पगार मात्र एका दिवसाचाच होता.

पगाराचा प्रश्न न्यायालयात नेणारा एक जण मायनर लीगचाच पिचर होता. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे असे ठरवून मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले होते. न्यूयॉर्क यँकीजच्या नेवार्क संघातला जॉर्ज टूलसन याची १९५० मध्ये खालच्या वर्गातल्या बिंगहॅम्टनला बदली झाली. त्याने जायला नकार दिला आणि राखीव कलमालाच आव्हान दिले. १९५३ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी जुनाच निर्णय कायम ठेवला. १९७२ मध्ये त्याच कलमाविरुद्ध लढलेला कर्ट फ्लडही सर्वोच्च न्यायालयात हरला. लवादाच्या निर्णयामुळे १९७५ मध्ये मेजर लीगच्या खेळाडूंसाठी राखीव कलम मोडले आणि त्यांचे पगार गगनाला भिडले, पण खालच्या थरातला खेळाडू पहिल्या करारानंतर सात हंगाम एकाच संघाला बांधलेला राहिला. १९९८ मध्ये फ्लडच्याच नावाने झालेल्या कायद्याने मेजर लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी संरक्षण दिले आणि मायनर लीगच्या खेळाडूंना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. ज्याचा गणवेश काठीने उचलला गेला होता त्याच्या नावाच्या कायद्यात खालच्या पायरीवरच्यांसाठी दार बंद असावे, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही ए वर्गातल्या खेळाडूला महिन्याला सुमारे ११०० डॉलर मिळत, तेही फक्त हंगामाचे पाच महिने; हंगामपूर्व सरावाचे वेतन नसे. एका सदनिकेत पाच-सहा जण हवेच्या गाद्यांवर झोपत, आणि हिवाळ्यात गोदामात किंवा उपाहारगृहात काम करीत. जायंट्सच्या मायनर संघांत पिचर राहिलेल्या गॅरेट ब्रोशूस यांनी खेळ सोडून कायद्याचे शिक्षण घेतले आणि २०१४ मध्ये किमान वेतनासाठी खेळाडूंच्या वतीने दावा लावला. तो चालू असतानाच २०१८ मध्ये, दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक लहानसे प्रकरण घालून, या खेळाडूंना किमान वेतन कायद्याच्या संरक्षणातून बाहेर काढण्यात आले. दावा अखेर २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पाच हजारांहून अधिक खेळाडू मेजर लीगच्या कामगार संघटनेत सामील झाले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानुसार ट्रिपल ए वर्गाचे वार्षिक किमान वेतन ३५,८०० डॉलर आणि ए वर्गाचे २६,२०० डॉलर झाले, आणि एकोणीस वर्षे किंवा त्याहून अधिक वयात सही करणाऱ्यांसाठी बांधिलकीची मुदत सातवरून सहा हंगामांवर आली. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील उन्हाळी लीगमध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी सही करून खेळणारी मुले मात्र या कराराच्या कक्षेबाहेरच राहिली.

या वाटेने दोन भारतीयही गेले. भालाफेकीचा सराव असलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले, २००८ च्या नोव्हेंबरात त्यांनी पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातील नवोदितांच्या लीगमध्ये खेळले. पटेल पुढच्या वर्षीच मुक्त झाला, रिंकू ए वर्गापर्यंत पोहोचला. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाने त्यांची निवड सर्वांना दाखवली, पण त्यांचे खरे श्रम पुढच्या वर्षांतले होते.

आर्लेटचा ४३२ होम रनचा विक्रम अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये ३ ऑगस्ट २०१५ रोजी मोडला. टोलेडो संघाच्या माइक हेसमनने ४३३ वा फटका मारला तेव्हा तो विसाव्या हंगामात होता. मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर १०९ सामने आणि १४ होम रन होते. दोघांच्या आकड्यांत एकाचे अंतर आहे, पण आर्लेटचे बहुतेक फटके एकाच शहराच्या संघाकडून खेळताना झाले, तर हेसमनचे मेकन, ग्रीनव्हिल, रिचमंड, टोलेडो, बफेलो, ओक्लाहोमा सिटी, लुइव्हिल अशा गावोगावी विखुरले, कारण त्याने कोठे राहायचे हे वेगवेगळे मालक ठरवत होते. त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला आणि २०१६ मध्ये कनेक्टिकटमधील नॉर्विच येथील मायनर संघात नवोदितांचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. २०२१ मध्ये मेजर लीगने आपल्याशी संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले, तेव्हा यादीतून गळालेल्या गावांत नॉर्विचही होते. तेथील मैदानात आता उन्हाळ्यात महाविद्यालयीन मुले खेळतात, पगाराशिवाय.